दाराआडून ‘इली’

डोळे मिटून घे आणि एक बंद दार डोळ्यांपुढे आण. जुनं, निळ्या रंगाचं, खालच्या फळीला वाळवी लागलेलं. दाराच्या अलीकडे तू आहेस. पलीकडे कोण बसलंय ते तुला दिसत नाही. तू टकटक करून विचारतेस, “सातेरी खंय?” सातेरी हे एका बोटीचं नाव, आणि खंय म्हणजे कुठे. पलीकडून लगेच एका मुलीचा आवाज येतो, “इली!”

इली म्हणजे आली. बंदराला लागली. तुला बरं वाटतं.

आता मला सांग, आतल्या मुलीला हे कसं कळलं? त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. तिला काहीच कळलेलं नाही. तिच्या हातात एक चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीवर आहे तेवढंच ती बोलते. पण दाराच्या अलीकडून ते ओळखू येत नाही.

हे दार तेरवळी बंदरातल्या वाचनालयाच्या अडगळीच्या खोलीचं. पुण्यातली नोकरी संपवून मी गावी परतले होते. वाचनालयाच्या मागच्या पडवीत शाळा सुटल्यावर मुलांना कॉम्प्युटर शिकवायचे. त्या दिवशी दाराआड दुर्वा कुबल बसली होती आणि बाहेरून टकटक करत होता नोएल फर्नांडिस. दोघंही आठवीतले. दुर्वाचे वडील जयवंत ‘सातेरी’चे तांडेल, म्हणजे बोट त्यांच्या हुकमावर चालायची.

“सातेरी खंय?”

“इली!”

“मेरी खंय?” मेरी ही नोएलच्या मामाची बोट.

“इली!”

“काय गो,” नोएल दारावर थाप मारत म्हणाला, “तुका दुसरा काय बोलाक येणा नाय काय? माझो मामा आत्ता समोर जाळी टाकता हा, आणि म्हणे इली!”

पडवी हसली. दार उघडून दुर्वा बाहेर आली, तीही हसत होती. मी तिला तीन चिठ्ठ्या दिल्या होत्या. ‘आली’, ‘समुद्रात’ आणि तिसरी कोरी. ‘आली’ खोडून तिनं ‘इली’ केलं होतं, आमच्याकडे पुस्तकी बोलून बोट येत नाही म्हणाली. ‘समुद्रात’चं ‘दर्यात’ केलं होतं. तिसरी चिठ्ठी तिनं माझ्यापुढे धरली.

“ही काय, बाई? हिच्यावर काहीच नाही.”

“ती आली की गप्प बसायचं.”

“गप्प?”

“बाहेरच्याला कितीही वेळा विचारू दे. उत्तर द्यायचं नाही.”

हा सगळा खेळ कशासाठी चालला होता ते सांगते. तेरवळीच्या मच्छीमार सोसायटीनं त्या वर्षी प्रत्येक बोटीवर एक लहानसं यंत्र बसवलं होतं. बोट कुठे आहे ते यंत्र सोसायटीच्या सर्व्हरला कळवायचं. मुलांच्या मनात आलं की आपण मोबाईलसाठी एक प्रोग्राम करू. घरच्या बाईनं बोटीचं नाव दाबलं की प्रोग्राम सर्व्हरला विचारील आणि उत्तर सांगेल. त्याचं नाव मुलांनी ठेवलं ‘खंय’. सोसायटीचे सेक्रेटरी मेथर मोठ्या मनाचे, परवानगी दिली, पण एक अट घातली.

“बाईनु, पोरांका सांगा, शिकताना आमच्या सर्व्हरका त्रास देव नको. दर मिनटाक कोणी विचारूक लागलो तर ता मशीन बसात.”

म्हणून मी मुलांना खोटा सर्व्हर करायला शिकवत होते. तो आपल्याच कॉम्प्युटरवर बसतो आणि खऱ्यासारखी उत्तरं देतो. उत्तरं आपणच आधी ठरवून दिलेली. प्रोग्रामला वाटतं, खऱ्यालाच विचारतोय. मग प्रोग्रामचा एकेक लहान तुकडा सुटा घेऊन तपासायचा. हे उत्तर आलं तर तो काय करतो? ते आलं तर? बरोबर वागला की पडद्यावर हिरवी टिकली, चुकला की लाल. मुलांनी खोट्या सर्व्हरला ‘सोंग’ म्हणायला सुरुवात केली, कारण दशावताराचा खेळ तेरवळीत सगळ्यांच्या अंगात भिनलेला.

“मग सोंगानं गप्प कशाला बसायचं?” दुर्वानं विचारलं.

“कारण खरा सर्व्हर कधीकधी गप्प बसतो. लाईट जाते. बोटीवरचं यंत्र भिजतं. त्या वेळी आपला प्रोग्राम काय करील ते आपल्याला आधी कळायला नको? दशावतारात सगळ्यांनी राजाचंच सोंग घेतलं तर खेळ होईल का? संकासूर राक्षसही कोणीतरी व्हावं लागतं.”

“संकासूर नोएल होईल,” ती म्हणाली. “ही चिठ्ठी तुमच्याकडेच ठेवा, बाई. बोट दर्यात असताना असं काही लिहायचं नसतं.”

“लिहायचं काय त्यात? कोरीच तर आहे.”

“तेच ते.”

मी ती चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवली. तिचं म्हणणं मला समजत होतं. समुद्रावर निघालेला माणूस आमच्याकडे ‘जातंय’ म्हणत नाही, ‘येतंय’ म्हणतो. शेजारणीचं भांडं परत करताना रिकामं देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. जिथं रिकामं राहील तिथं नको ते येऊन बसतं, असं लहानपणापासून कानावर पडलेल्या मुलीला मी एका दुपारीत काय शिकवणार? तिला वेळ हवा होता. मी एवढंच सांगितलं की तिसरी चाचणी लिहून होईपर्यंत हा प्रोग्राम कोणाच्याही मोबाईलवर जाणार नाही.

दुर्वानं बाकी काम मन लावून केलं. वाचायला अवघड जाणाऱ्या बायकांसाठी तिनं प्रोग्रामला आवाज दिला, स्वतःचाच. नाव दाबलं की ती बोलायची, ‘इली’ किंवा ‘दर्यात’. सगळ्या टिकल्या हिरव्या आल्या त्या दिवशी तिला धीर धरवला नाही. संध्याकाळी तिनं तो आईच्या मोबाईलवर घातला. आईनं जावेच्या, जावेनं शेजारणीच्या. मला कळलं तोवर अर्ध्या वाड्यात दुर्वाचा आवाज पोचला होता.

दिवाळीनंतर बोटी पुन्हा निघाल्या. जयवंत तांडेल वाचनालयावरून गेले तेव्हा पडवीत डोकावले.

“बाईनु, माझा चेडू शिकता मा?”

“शिकते आहे तुमची लेक. हट्टी आहे जरा.”

“ता माझ्यावर गेला,” ते हसले, आणि आतल्या मुलीला हाक मारून म्हणाले, “येतंय गो!”

“या!” दुर्वानं मान वर न करता उत्तर दिलं. ती टाईप करत होती.

मग समुद्र फिरला. हवामान खात्यानं इशारा दिला होता, पण तुफान सांगितल्यापेक्षा लवकर आलं. बऱ्याचशा बोटी धावतपळत परतल्या, काही पलीकडच्या खाडीत शिरल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळा गाव धक्क्यावर होता. सोसायटीत मेथर मशीनपुढे बसून होते. सातेरीचं यंत्र काहीच बोलत नव्हतं. तटरक्षक दलाला त्यांनी पहाटेच कळवलं होतं, शोध सुरूही झाला होता.

धक्क्याच्या टोकाला दुर्वाची आई, शैला, उभी होती. वारा असा होता की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागत होतं. तिनं मोबाईल छातीशी धरला, बोट टेकवलं, आणि त्या वाऱ्यातून दुर्वाचा स्वच्छ आवाज आला.

“इली!”

आजूबाजूच्या बायकांनी माना वळवून समुद्राकडे पाहिलं. समुद्र रिकामा होता.

शैलानं पुन्हा दाबलं. “इली!”

“बाईनु,” ती माझ्याकडे वळली. “ह्या बघा. इली म्हणता. मगे बोट दिसत कित्याक नाय?”

मी दुर्वाकडे पाहिलं, माझ्या नजरेमागून शैलानंही. ती आईच्या मागे उभी होती, दोन्ही हात तोंडावर घट्ट धरून, जणू तो आवाज आत्ता, तिथूनच बाहेर पडला होता.

त्या संध्याकाळी पडवीत बसून मी तिचा प्रोग्राम वाचला तेव्हा काय झालं होतं ते समजलं. सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत ठेवायला प्रोग्राममध्ये एक डबी असते. ती सुरुवातीला रिकामी असावी. दुर्वानं ती रिकामी ठेवली नव्हती. शेजारणीच्या भांड्यात साखर घालावी तशी तिनं डबीत ‘इली’ घालून ठेवली होती. खरं उत्तर आलं की ते तिच्या जागी येई, त्यामुळे इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि उत्तर आलंच नाही, की डबीत आधीचं होतं तेच प्रोग्राम ऐकवायचा. तिचं सोंग कधी गप्प बसलंच नव्हतं, म्हणून हे तिलाही ठाऊक नव्हतं.

सातेरी सापडली नाही. तिच्यावरचं कोणीही नाही. तटरक्षक दलाचं जहाज बरेच दिवस फिरलं आणि परत गेलं.

दुर्वा पडवीत यायची बंद झाली. मी तिच्या घरी गेले तेव्हा दिवेलागण होत होती. शैलानं मला बसायला पाट दिला. चुलीवर कालवण रटरटत होतं, आणि पानं तीन घेतली होती.

“जेवूक बसा, बाईनु.”

“मी जेवून आले. ही तीन पानं...”

“तेंका बांगड्याक तिरफळ लागता. येतले तेव्हा गरम करून दितलंय.”

ती हे अगदी साधेपणानं बोलली. मग हात पुसून देवाजवळ गेली, दिवा लावला, आणि दिव्याशेजारी ठेवलेल्या मोबाईलवर बोट टेकवलं.

“इली!”

मुलगी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, ओठ मिटून. आवाज तिचा होता, आणि तो तिच्याकडून येत नव्हता. तुफानाच्या आधीचा, आनंदात असलेला आवाज. मी त्या घरात जेवढा वेळ होते, शैलानं तो पुन्हा पुन्हा लावला. दर वेळी ती मुलीकडे एकदा पाही, आणि मान हलवी.

मला पोचवायला दुर्वा अंगणाच्या कडेपर्यंत आली. तिथे जाळी वाळत टाकली होती. तिनं एका जाळ्यात बोटं अडकवली.

“बाई, तो आवाज मी आहे. दर्यानं सांगितलं नाही, बाबांनी नाही. मी.”

“मला माहीत आहे.”

“सगळ्या बायकांच्या मोबाईलवर तो आहे. काढून टाकता येईल मला. पण आईच्या मोबाईलवरचा काढला तर... आईला वाटेल, मीच बोट बुडवली.”

“त्या जागी काय बोलेल तो?”

“उत्तर नाही, म्हणेल. म्हणजे तेच ना?”

“नाही,” मी म्हटलं. “उत्तर नाही म्हणजे बुडाली नव्हे. आणि आली पण नव्हे. उत्तर नाही म्हणजे उत्तर नाही. एवढंच आपल्याला माहीत आहे, दुर्वा. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे काही माहीत नाही.”

घरातून पुन्हा आवाज आला, “इली!” तिचे खांदे आक्रसले.

मी तिला ‘ये’ म्हटलं नाही. पडवीतला तिचा कॉम्प्युटर मात्र कोणाला दिला नाही.

बोटी पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या. त्या आवाजावर विसंबू नका असं मी बायकांना सांगून ठेवलं होतं, पण सवय सुटत नव्हती. एका दुपारी नोएल पडवीत आला तो दम लागलेला, आणि त्याच्यामागे दुर्वा. तो तिला घेऊनच आला होता.

“सांग बाईंका,” तो तिला म्हणाला.

“तूच सांग.”

“मामी धक्क्यावर गेलेली, बाई, टोपली घेवन. मोबाईल म्हणता मेरी इली. मेरीचा यंत्र बंद पडलेला, मामा लांब दर्यात. मामी उन्हात बसान रवली, आणि मगे रडाक लागली. कोणी कायव सांगल्यानी तरी ऐकना. म्हणता, सातेरी पण अशीच इली होती.” नोएलचा आवाज चिरकला. “मामा इलो मागाहून. पण दुर्वा, तुझो आवाज बंद कर गो! माका भय वाटता तेचा!”

दुर्वानं पडवीभर नजर फिरवली, निळ्या दारावर आणली.

“बाई, ती चिठ्ठी आहे?”

मी चष्म्याची डबी उघडून तिला ती दिली. कोऱ्या कागदाला एव्हाना डबीच्या मखमलीचा रंग लागला होता. ती मुठीत धरून दुर्वा अडगळीच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

“नोएल, विचार,” आतून आवाज आला.

नोएलनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं टकटक केलं, हळू.

“मेरी खंय?”

काही उत्तर नाही.

“मेरी खंय?”

नाही. नोएल मागे सरकला. “बाई, माका नको ह्या.”

पुढे व्हायला मी उठले, तेवढ्यात पायरीवर सावली पडली. शैला आली होती. नोएलला दुर्वाचा हात धरून ओढत नेताना तिनं पाहिलं असावं. तिनं आम्हाला काही विचारलं नाही. ती सरळ निळ्या दारापाशी गेली, आणि दोन बोटांनी तिनं दार वाजवलं, शेजारणीकडे विरजण मागायला जावं तसं.

“सातेरी खंय गो?”

आत काही हललं नाही.

“दुर्वा. सातेरी खंय?”

दाराच्या फटीतून मला फक्त अंधार दिसत होता. ‘इली’ म्हणणं किती सोपं होतं! एवढासा शब्द. मला वाटलं, आता येईल, आता येईल. मी तर त्याची वाटच बघत होते, मला लाज वाटते पण तो यावा असंच वाटत होतं.

शैलानं तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी तिनं दार वाजवलं नाही. कपाळ दाराला टेकवून अगदी हळू विचारलं. आतून एक हुंदका आला आणि लगेच दाबला गेला. पण शब्द आला नाही.

मग कडी वाजली आणि दार उघडलं. दुर्वाच्या हातात चिठ्ठीचा बोळा झाला होता.

“आये,” ती म्हणाली, “माका म्हायत नाय. मोबाईलाकव म्हायत नाय. तो माझोच आवाज. मीच आधी भरून ठेवलेलो.”

“म्हायत आसा,” शैला म्हणाली.

“कधीपासून?”

“धक्क्यावरसून. तुझ्या तोंडावरसून कळला माका.” तिनं मुलीचे केस कानामागे सारले. “तू केलंलास म्हणान मी ऐकी होतंय. बंद केलंय तर तुका वाटात, आपल्यामुळा झाला.”

इतके दिवस त्या घरात दोघी एकमेकींसाठी तो आवाज जागवत होत्या, आणि आवाज कोणालाच नको होता.

मग दुर्वा कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली. आधी तिनं सोंगाला गप्प बसायला शिकवलं. विचारणारा विचारत राहील, तू बोलायचं नाहीस. मग चाचणी चालवली. पडद्यावर लाल टिकली आली, तिच्या कामातली पहिली. तिनं डबीतली ‘इली’ पुसली आणि डबी रिकामी ठेवली. हात थांबला तो त्यापुढच्या ओळीवर.

“बाई, गप्प राहिलं तर काय म्हणू? ‘उत्तर नाही’ मला म्हणवत नाही.”

“खोटं नसेल असं काहीही म्हण.”

ती मोबाईल तोंडाशी धरून दोनच शब्द बोलली. टिकली हिरवी झाली. आईचा मोबाईल मागून घेऊन त्यावर तिनं नवा प्रोग्राम चढवला आणि आईच्या हातात दिला. शैलानं नावावर बोट टेकवलं. ते नाव शोधायला तिला आता बघावं लागत नव्हतं.

थोडा वेळ काहीच नाही. मग दुर्वाचा आवाज आला. आधीच्यापेक्षा जड, आणि या वेळी तिथंच बसलेल्या मुलीचा.

“वाट बघतंय.”

शैलानं पुन्हा लावला. पुन्हा ऐकला.

“ह्या खरा,” ती म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला टेकली.

दुर्वा उठली. निळ्या दारामागून तिनं आपलं बसायचं स्टूल बाहेर आणलं, पदरानं पुसावं तसं ओढणीनं पुसलं, आणि आईला बसवलं. दार तिनं उघडंच ठेवलं. मग कॉम्प्युटरपुढे परत जाऊन नाक ओढत नोएलला म्हणाली,

“चल रे. आता मेरी विचार.”